अट क्रमांक सात

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला विषय दिलाय तो सरकारी ठेक्याला न्यायालयात आव्हान देण्याचा. आधीच सांगते, मी वकील नाही. आम्ही नऊ बायका भागीदारीत भोजन पुरवठ्याचं काम करतो. सुरुवात डब्यांपासून झाली, मग एका खासगी कॉलेजची मेस मिळाली. मला कायदा येतो तो एका प्रकरणापुरता, आणि तोही आमच्या वकीलसाहेबांनी शिकवला म्हणून. पण तुमच्यापैकी बरेच जण उद्या सरकारी कामाची निविदा भरणार आहेत. कुणी गणवेश शिवून देईल, कुणी संगणक दुरुस्तीचं काम घेईल, कुणी रंगकामाचं, कुणी गाड्या भाड्याने देईल. त्यांना हे ऐकून ठेवलेलं उपयोगी पडेल.

ठेका हातचा गेला की आपल्याकडे दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "सगळं आधीच ठरलेलं असतं." दुसरं, "आपलं नाव बघूनच बाजूला टाकलं." दोन्ही वाक्यं कधीकधी खरी असतात. पण ती बोलून झाल्यावर माणूस घरी जाऊन बसतो, हीच त्यांची अडचण आहे. मी आज या दोन्हींच्या पलीकडचं तिसरं वाक्य सांगायला उभी आहे. ते असं की, सरकारने स्वतः लिहिलेली अट सरकारने पाळली का, ते दाखवा.

आता आमचं प्रकरण सांगते. कार्यालयाचं आणि दुसऱ्या पक्षाचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही.

आमच्या जिल्ह्यात एका शासकीय वसतिगृहाच्या भोजन पुरवठ्याची निविदा निघाली. विद्यार्थी एकशे साठ. दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी अंडी किंवा मांसाहार. आमच्यासाठी हे मोठं काम होतं. कॉलेजची मेस सुट्टीत बंद पडते, तेव्हा नऊ घरांमध्ये दोन महिने पैसा येत नाही. आमच्यातल्या तिघी एकट्या कमावणाऱ्या. म्हणून आम्ही बयाणा रक्कम जमवली, डिजिटल सही काढली, अन्न सुरक्षेचा परवाना, जीएसटीची विवरणपत्रं, अनुभवाचा दाखला, सगळं पोर्टलवर चढवलं.

निविदेत अट क्रमांक सात होती. निविदाधारक संस्थेला रोज किमान शंभर जणांना भोजन पुरवण्याचा सलग तीन वर्षांचा अनुभव हवा. आमच्याकडे चार वर्षांचा होता.

चार निविदा आल्या. तांत्रिक लिफाफ्यात एक अपात्र ठरली, तिच्या परवान्याची मुदत संपली होती. उरलेल्या तिघांचे दर उघडले. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकाच्या फर्मचा दर माणशी रोज चार रुपयांनी कमी होता. दर कमी असेल तर त्याला काम मिळणार, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण आमच्यातली सर्वांत धाकटी, जी हिशेब बघते, तिने त्या फर्मचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. नोंदणीची तारीख तिथे कुणालाही दिसते, त्यासाठी लॉगिन लागत नाही. त्या फर्मची नोंदणी चौदा महिन्यांपूर्वीची होती.

चौदा महिन्यांच्या फर्मला तीन वर्षांचा अनुभव कुठून आला?

त्या संध्याकाळी आमच्याकडे पहिला सूर तोच निघाला. मोठ्या आपा म्हणाल्या, "बुरख्यातल्या बायका कशाला मुलांच्या वसतिगृहात, असंच झालं असणार." दुसरी म्हणाली, "गप्प बसा, पुढच्या वेळी मिळायचं तेही जाईल." ही दुसरी भीती खोटी समजू नका. छोट्या शहरात तेच कार्यालय, तेच साहेब, त्याच टेबलावर आपलं पुढचं बिल. आम्ही रात्री उशिरापर्यंत भांडलो आणि शेवटी एवढ्यावर आलो की वकिलांना विचारायला हरकत नाही.

वकीलसाहेबांनी आमची कहाणी पाच मिनिटं ऐकली आणि हात वर केला. "ताई, निविदा सूचना आणली आहे का? पूर्ण हवी, शुद्धिपत्रकांसह." आम्ही आणली होती. त्यांनी बेचाळीस पानं पेन्सिल घेऊन वाचली. आम्ही नुसत्या बसून होतो. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. ते तुम्ही वहीत लिहून घ्या.

पहिला, कोणती अट मोडली? अन्याय झाला हे उत्तर चालत नाही, अटीचा क्रमांक सांगायचा.

दुसरा, तुम्हाला हे कोणत्या तारखेला कळलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत तुम्ही काय केलं?

तिसरा, तुम्हाला काय हवं आहे? ठेका हवा आहे, की निवड नियमाने व्हायला हवी आहे? ते म्हणाले, "न्यायालय ठेका उचलून तुमच्या हातात देईल असं धरून चालू नका. ते फार झालं तर निवड चुकीची ठरवेल आणि पुन्हा करायला लावेल. पुन्हा केल्यावर तुम्ही हरूही शकता. हे मान्य असेल तर पुढे जाऊ."

मोठ्या आपांनी त्यांना तोंडावर विचारलं, "आमच्या नावामुळे झालं हे अर्जात लिहायचं नाही का?" त्यांचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. "झालं असेलही. पुरावा आहे? कुणी तसं लिहिलं, कुणी साक्षीदारासमोर बोललं? असेल तर पहिल्या पानावर घेतो, संविधानाचं कलम पंधरा त्यासाठीच आहे. नसेल तर एक ओळही लिहिणार नाही. कारण ती ओळ सिद्ध झाली नाही की अट क्रमांक सातवरचा तुमचा पक्का मुद्दाही पातळ होतो." आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. अधिकाऱ्याने द्वेषाने किंवा पैसे खाऊन निर्णय दिला असा आरोप करायचा, तर त्या अधिकाऱ्याला नावाने प्रतिवादी करावं लागतं आणि आरोपाचा तपशील द्यावा लागतो. मोघम "संगनमत झाले" लिहून भागत नाही.

दोस्तांनो, हे ऐकायला कडू आहे, मला कबूल आहे. आपल्या मनातली खरी सल अर्जाबाहेर ठेवायची, हे सोपं नाही. पण मला त्यात एक वेगळी ताकदही दिसली. आम्ही दया मागत नव्हतो, सवलत मागत नव्हतो, अल्पसंख्याक म्हणून काही मागत नव्हतो. आम्ही म्हणत होतो की तुम्ही लिहिलेली अट आहे, ती आम्ही पाळली, सगळ्यांना ती एकसारखी लावा. हे मागण्यासाठी फक्त नागरिक असणं पुरतं.

हे न्यायालय ऐकतं कशाच्या आधारावर? वकीलसाहेबांनी आम्हाला मुंबईच्या विमानतळाची गोष्ट सांगितली. १९७७ साली विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या विमानतळावर एक दुय्यम श्रेणीचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या. अट होती की निविदाधारक नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलचालक हवा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. ज्याला काम मिळालं त्याने दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊ केले होते. त्याच्याकडे कँटीन चालवण्याचा अनुभव होता, पण अटीत लिहिलेली पात्रता नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, निकाल १९७९ चा, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेला. त्यातलं तत्त्व असं की सरकार किंवा सरकारी संस्था खासगी दुकानदारासारखी मनाला येईल त्याला काम देऊ शकत नाही. तिने जो निकष स्वतः जाहीर केला, तो तिच्यावर बंधनकारक आहे. निकष सोडून एखाद्याला निवडणं म्हणजे कलम चौदामधल्या समानतेचा भंग.

यामागचा तर्क साधा आहे. अट सैल करायची होती तर आधीच सांगायला हवं होतं. म्हणजे अट वाचून जे घरी थांबले, त्यांनीही निविदा भरली असती. अट सगळ्यांना दाखवायची आणि आत एकासाठी उघडायची, यात न आलेल्या माणसांवरही अन्याय होतो.

आता या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो लोक सांगायला विसरतात. तत्त्व याचिकाकर्त्याच्या बाजूने लागलं, पण त्याला हाती काही मिळालं नाही. न्यायालयाने ठेका रद्द केला नाही. ठेका एप्रिलमध्ये दिला गेला होता आणि याचिका झाली नोव्हेंबरमध्ये. तोवर ठेकेदाराने सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला होता. याचिकाकर्त्याने स्वतः निविदा भरलेलीच नव्हती, आणि तो दुसऱ्या कुणासाठी उभा आहे असंही न्यायालयाला वाटलं. वकीलसाहेब म्हणाले, "देशभर आजही हा निकाल दाखवतात. पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो माणूस रिकाम्या हाताने परत गेला. म्हणून मी तुम्हाला तारीख विचारली."

तेव्हा वेळ ही पहिली गोष्ट. रिट याचिकेला कायद्यात दिवसांची ठरलेली मुदत नाही, म्हणून लोक निवांत राहतात. पण कार्यारंभ आदेश निघाला, समोरच्याने भांडी, गॅस, माणसं यात पैसे घातले, मुलं त्याच्या हातचं जेवायला लागली, की न्यायालय हात आखडता घेतं. आमच्याकडे दिवस होते, महिने नव्हते.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. त्याच दिवशी वकीलसाहेबांनी एक पानाची लेखी हरकत करून दिली. निविदा क्रमांक, अट क्रमांक, आमचा आक्षेप, आणि मागणी अशी की निर्णय होईपर्यंत कार्यारंभ आदेश देऊ नये. ती ईमेलने पाठवली आणि प्रत्यक्ष जाऊन आवक शिक्क्यासह पोचही घेतली. पोच नसलेला अर्ज हा न दिलेला अर्ज, हे भिंतीवर लिहून ठेवा. हरकतीत रागाचा एकही शब्द नव्हता. "जीएसटी नोंदणीच्या तारखेवरून असे दिसते की" एवढंच. कारण नोंदणीची तारीख हा सुगावा आहे, पुरावा नाही. धंदा आधीपासून चालू असेल आणि नोंदणी नंतर झाली असेल, असंही होतं. खरा पुरावा म्हणजे समोरच्याने निविदेसोबत जोडलेला अनुभवाचा दाखला, आणि तो कार्यालयाच्या फाइलमध्ये.

म्हणून दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज दिला. दहा रुपये शुल्क. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे आम्ही नेमकं मागितलं. तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, समितीचं इतिवृत्त आणि पात्र ठरलेल्यांचे अनुभवाचे दाखले. नुसत्या प्रती नाही, फाइल पाहण्याचीही परवानगी मागितली, कारण कायद्यात पाहणीचा हक्कही आहे. कार्यालयाला तीस दिवसांची मुदत असते. शिवाय व्यापारी गुपित म्हणून कलम आठ पुढे केलं जाऊ शकतं, त्रयस्थ पक्षाला विचारावं लागतं म्हणून वेळ जाऊ शकतो. म्हणून माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत न्यायालयात जायचं थांबायचं नाही. दोन्ही समांतर.

आठवडाभर हरकतीला उत्तर आलं नाही. उलट कळलं की स्वीकृती पत्र तयार होतंय. अकराव्या दिवशी संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठात आमची याचिका दाखल झाली.

या अकरा दिवसांत आमचं काम काय होतं? वकिलाकडे फाइल टाकून "बघा साहेब" म्हणण्याचे दिवस नव्हते ते. त्यांनी आमच्याकडून तारखांची यादी करून घेतली. प्रत्येक तारखेसमोर एक कागद. निविदा सूचना या तारखेला, निविदा भरली या तारखेला, दर उघडले या तारखेला, हरकत या तारखेला. ज्या तारखेला कागद नाही ती ओळ खोडली. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन आम्ही मोठ्याने वाचला, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्याची शपथ आम्ही घेत होतो. ज्या फर्मला काम मिळत होतं तिलाही प्रतिवादी केलं. ते आवश्यकच असतं. ज्याचं काम जाऊ शकतं त्याला ऐकल्याशिवाय न्यायालय निर्णय देणार नाही, आणि देऊही नये.

फीचंही सांगते, कारण विचारायला सगळे लाजतात. पहिल्या दिवशी विचारा. किती, कोणत्या टप्प्यावर, टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फी आणि प्रवास त्यात आहे की वेगळा. आम्ही ते एका कागदावर लिहून घेतलं आणि नऊ वाटे केले. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम बारानुसार अर्जदार स्त्री असेल तर तिला मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढं प्राधिकरणाला पटावं लागतं. तालुका, जिल्हा आणि उच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी ही सोय आहे. आपल्या मोहल्ल्यांमध्ये किती बायकांना हे माहीत आहे, हे तुम्हीच विचारून बघा.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी जी बाजू मांडली, तीही तुम्हाला कळली पाहिजे. ती हलकी नव्हती. त्यांनी पहिलं नाव घेतलं टाटा सेल्युलरचं. १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांतल्या मोबाइल सेवेच्या परवान्यांबाबतचा. त्यात म्हटलंय की न्यायालय ठेक्याच्या निर्णयावर अपील ऐकायला बसत नाही. निर्णय शहाणपणाचा की नाही हे ते बघत नाही, निर्णय ज्या रीतीने घेतला ती रीत कायदेशीर, निष्पक्ष आणि वाजवी होती का, एवढंच बघतं. दुसरं नाव नागपूर मेट्रोचं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून सांगितलं की निविदेतल्या अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्यालाच सर्वांत चांगला कळतो. त्याने लावलेला अर्थ आपल्याला पटला नाही एवढ्यावरून न्यायालयाने मध्ये पडू नये, त्यात द्वेषबुद्धी किंवा तर्कदुष्टता दिसली पाहिजे. तिसरं, २०२२ चा झारखंडमधल्या एका रस्त्याच्या कामाचा निकाल. त्यात न्यायालयांना सावध केलंय की कामांना सहज स्थगिती देऊ नका, कारण काम अडलं की खर्च जनतेच्या माथी बसतो.

मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत होते आणि खरं सांगू, मला ते सगळं पटत होतं. हरलेला प्रत्येक जण न्यायालयात गेला तर एकही वसतिगृह वेळेवर सुरू होणार नाही. २०२१ च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने निविदांच्या वादात हरणाऱ्यावर खर्च बसवला, म्हणजे उगाच आलात तर समोरच्याचा खर्चही भरा. म्हणून म्हणते, वकिलाकडे आधी प्रामाणिक मत मागायला जा. "केस आहे का" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देणारा वकील तुमचे पैसे वाचवतो. त्याच्या पाया पडा.

आमच्या प्रकरणात मुद्दा उरला तो असा. कार्यालयाचं म्हणणं आलं की फर्म नवी आहे, पण तिचा मालक आधी तीन वर्षं एका मोठ्या मेसमध्ये व्यवस्थापक होता, समितीने तो अनुभव धरला. वकीलसाहेब उभे राहिले आणि अट क्रमांक सात वाचून दाखवली. "निविदाधारक संस्थेला" हा शब्द. मग एवढंच म्हणाले की मालकाचा नोकरीतला अनुभव चालत होता तर ते निविदेत लिहायला हवं होतं. या जिल्ह्यात असा अनुभव असलेले किती तरी लोक आहेत, ते अट वाचून घरी थांबले.

न्यायालयाने ठेका रद्द केला नाही आणि आम्हालाही दिला नाही. आदेश छोटा होता. सक्षम अधिकाऱ्याने आमची हरकत दोन्ही पक्षांना ऐकून दोन आठवड्यांत सकारण आदेशाने निकाली काढावी, आणि तोवर कार्यारंभ आदेश देऊ नये. बाहेर आल्यावर आमच्यातल्या दोघींचे चेहरे पडले. "एवढ्यासाठी आलो?" वकीलसाहेब म्हणाले, "सकारण हा शब्द मिळाला, तो घेऊन चला." कारण लिहावं लागलं की माणूस अट पुन्हा वाचतो.

आणि तसंच झालं. सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढला की अटीच्या शब्दांनुसार अनुभव संस्थेचाच हवा, समितीने धरलेला अनुभव त्यात बसत नाही. मात्र ही अट नव्या उद्योजकांना बाहेर ठेवते असंही त्यांचं मत पडलं. म्हणून सगळी प्रक्रिया रद्द आणि फेरनिविदा. नव्या निविदेत अट क्रमांक सात बदलली होती. संस्थेचा, किंवा मालक अथवा भागीदाराचा व्यक्तिगत अनुभव चालेल.

फेरनिविदेत सात जण उतरले. त्यात दोन नवे महिला गट होते, ज्यांनी पहिल्या वेळी अट वाचून नाद सोडला होता. ती चौदा महिन्यांची फर्मही होती, या वेळी पूर्ण पात्र. काम त्यातल्या एका महिला गटाला गेलं. आम्ही तिसऱ्या आलो.

तुम्ही विचाराल, मग मिळालं काय? आमच्याकडेही हा प्रश्न विचारला गेला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. पैसे गेले, दोन महिने गेले, एक भागीदारीण निघून गेली. मी तिला दोष देत नाही, तिच्या घरी मुलीचं शिक्षण चालू होतं. माझं उत्तर मी देते, ते पटलं तर घ्या. पहिल्या वेळी आम्ही हरलो ते आम्हाला न दिसलेल्या कारणाने. दुसऱ्या वेळी हरलो ते आकड्याने. दुसऱ्या हरण्यातून मला शिकता येतं. तेल कुठे महाग घेतलं, दोन माणसं जास्त का धरली, हे मी बसून बघू शकते. पहिल्या हरण्यातून माणूस फक्त कडवट होतो, आणि मग तेच कडवटपण मुलांना शिकवतो की "आपल्याला कुठे मिळणार." विमानतळाच्या निकालातलं तत्त्वच शेवटी आमच्या शहरात खरं ठरलं. अट बदलायची तर उघड बदला, म्हणजे बाहेर थांबलेलेही आत येतील. ते आत आले. त्यातल्या एकीला काम मिळालं. तिचं नाव आमच्यासारखं नाही, पण चूल आमच्यासारखीच आहे.

आणखी एक प्रकार आहे, तो वेगळा ओळखायला शिका. आमच्यात अट ठीक होती, ती पाळली गेली नव्हती. कधीकधी अटच अशी घालतात की छोटा माणूस दारातूनच परत जावा. महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे. अंगणवाडीतल्या बालकांच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांकडून काम करून घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला दिला होता. तरी ८ मार्च २०१६ ला, म्हणजे महिला दिनीच, राज्याने घरी न्यायच्या आहाराची जी निविदा काढली, तिच्यात अनेक प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट केले आणि उलाढालीच्या अशा अटी घातल्या की गावातले बचत गट त्यात बसेनात. बचत गट न्यायालयात गेले. वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ ला ती प्रक्रिया रद्द केली आणि छोट्या गटांना भाग घेता येईल अशा रीतीने ती नव्याने करायला सांगितलं. वर्तमानपत्रांनी त्या कामांची किंमत सुमारे ६,३०० कोटी रुपये सांगितली होती. समोर एवढा पैसा आणि याचिकेवर नाव एका बचत गटाचं. त्या बायकांच्या वकिलांच्या हाती काय होतं? पुन्हा तेच, आधीच लिहिलेला एक आदेश, जो पाळला गेला नव्हता.

यातून एक नियम लक्षात ठेवा. अटीबद्दल तक्रार असेल तर निविदा भरण्याआधी करा. निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा, शुद्धिपत्रक मागा, नाही ऐकलं तर तेव्हाच वकिलाकडे जा. मुकाट्याने निविदा भरायची आणि हरल्यावर म्हणायचं की अट वाईट होती, हे न्यायालय सहसा ऐकत नाही. अट मोडल्याची तक्रार असेल, तर ती कळल्याबरोबर त्याच आठवड्यात.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. तुमच्या जिल्ह्यातली एक निविदा राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवरून उतरवून घ्या. भरायची नसली तरी चालेल. चार जण मिळून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. कोणती अट कशासाठी आहे, कुणाला बाहेर ठेवते, बयाणा किती, अनुभव किती, हरकत कुणाकडे द्यायची. कॉमर्सवाल्यांनी हिशेब बघावा, कायदा शिकणाऱ्यांनी अटी बघाव्यात. एका रविवारचं काम आहे. मोहल्ल्यातल्या ज्या बायका गणवेश शिवतात, ज्या पापड लाटतात, ज्या डबे देतात, त्यांना जाऊन समजावून सांगा. वकील तर आपण शोधूच. पण वकिलाच्या टेबलावर ठेवायला जो कागद लागतो, तो वाचणारी माणसं आपल्यात तयार झाली पाहिजेत.

आता प्रश्न विचारा. मला येतील त्यांची उत्तरं मी देईन, उरलेल्यांसाठी वकीलसाहेब दुसऱ्या रांगेत बसले आहेत. आज त्यांनी फी घेतलेली नाही.